पालथे हात

शेषेरावांनी चिमट्यानं सागाचा पापुद्रा उचलला, त्याच्या पाठीवरून डिंकाचं बोट फिरवलं आणि पान तीनवरच्या रिकाम्या चौकोनात बसवून वर अंगठा दाबून धरला. दहापर्यंत मोजलं. मग अंक डावीकडच्या थप्पीवर गेला. एकेचाळीस झाले, तेवीस राहिले.

"आठलाच सोडलं तुमी," समोर मांडी घालून बसलेले मन्मथअप्पा म्हणाले.

"मनात मोजलेलं तुम्हाला कसं कळलं?"

"ओठ हालतेत तुमचे. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे."

शेषेरावांनी पुढच्या अंकाला बारापर्यंत मोजलं.

'पापुद्रा' हे त्रैमासिक दुकानात मिळत नाही, आणि ठेवलं असतं तरी कुणी उचललं असतं असं मन्मथअप्पांना वाटत नाही. त्यांचं स्वतःचं प्लायवूडचं दुकान आहे, लोक काय उचलतात ते त्यांना ठाऊक आहे. अंक निघतो फक्त सभासदांसाठी. सभासद चौसष्ट. धर्माबादपासून देवणीपर्यंत पसरलेले हे लोक कागदाइतक्या पातळ लाकडाचे तुकडे कापून, एकमेकांना भिडवून त्यांची चित्रं बसवतात. रंग लावायचा नाही, हा नियम. काळं हवं असेल तर शिसम शोधायचं, पिवळं हवं असेल तर हळदू, आणि निळं हवं असेल तर तो विचार सोडून द्यायचा. दर अंकात पान तीनवर एका झाडाचा खराखुरा पापुद्रा चिकटवलेला असतो, आणि तो चिकटवायला नांदेडला शेषेरावांच्या ओसरीवर दर तीन महिन्यांनी अशी बैठक बसते. बैठकीला यायचं सगळे कबूल करतात. मन्मथअप्पा येतात.

चौसष्टांतले अकरा जण धंद्यानं सुतार. ते अंक वाचत नाहीत. उरलेले निवृत्त मास्तर, कंपाउंडर, तलाठी आणि एक जनावरांचे डॉक्टर. ते अंक शेवटच्या पानापासून वाचतात, कारण शेवटच्या पानावर 'खोट' असते.

'खोट' हे सदर शेषेराव स्वतः लिहीत. आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं सुतारकाम शिकवलेलं. दुसऱ्याच्या कामातली चूक दाखवताना त्यांच्या लेखणीला जी धार यायची ती त्यांच्या पातीला कधी आली नाही, असं त्यांच्या पत्नी सिंधुताईंचं मत होतं. दर अंकात एका सभासदाचं चित्र छापायचं आणि त्यातली चूक हसत हसत उघडी पाडायची. पंधरा वर्षांत साठ चित्रं झाली. त्यातली एकही चूक चुकीची काढलेली नाही, हे शेषेराव वार्षिक सभेत न विसरता सांगत.

सिंधुताई चहाबरोबर टपाल घेऊन आल्या. एक पाकीट होतं. शेषेरावांनी डिंकाचं बोट धोतराच्या फडक्याला पुसलं आणि पाकीट फोडलं. आत छापील कार्ड.

"देवणीच्या सूर्यवंशींच्या पत्नी गेल्या," ते म्हणाले. "रविवारी पुण्यानुमोदन आहे."

"कोन सूर्यवंशी?" मन्मथअप्पांनी कप बशीत ठेवला. "ते डाव्या हाताची बाईवाले?"

आणि ते हसले. मग कार्डाकडे पाहून हसणं आवरलं. पण सूर्यवंशींची ओळख एवढीच उरली होती, हे खरं होतं. वीज खात्यातला निवृत्त लाइनमन, खांबावर चढून चढून हाताला कंप ठाऊक नसलेला, चौसष्टांत ज्याची पाती सगळ्यांत बारीक चालत होती, तो माणूस गेली दोन वर्षं सभासदांच्या तोंडी 'डाव्या हाताची बाईवाले' होता.

कार्डावर बाईंचा, गयाबाईंचा, फोटो होता. नेहमीसारखा पासपोर्टचा चेहरा नव्हता. अंगणवाडीतला होता. गयाबाई फळ्यावर लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता मागे वळून पाहत होत्या. शेषेरावांनी फोटो पाहिला आणि सवयीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. खडू डाव्या हातात होता. छापताना फोटो उलटा झाला असेल, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. त्यांनी फळ्यावरची अक्षरं पाहिली. क, ख, ग. तिन्ही सरळ होती.

ते उठले. आतल्या कपाटातून दोन वर्षांपूर्वीचा अंक काढला आणि तिथंच, उभ्या उभ्या, शेवटचं पान उघडलं.

लाकडाचं चित्र काढताना कागदावरचं रेखाटन पापुद्र्याच्या मागच्या बाजूला चिकटवतात आणि मागूनच कापतात. म्हणून रेखाटन आधी उलटं करून घ्यावं लागतं. विसरलं की उजव्याचं डावं होतं. नवशिक्यांची ही पहिली चूक, आणि शेषेरावांची सगळ्यांत आवडती. छापलेल्या चित्रात एक बाई बसली होती. पुढ्यात पातेलं, एका हातात ताटली, दुसऱ्या हातात पळी. पळी डाव्या हातात. खाली शेषेरावांचाच मजकूर होता:

'देवणीच्या आमच्या सभासदांच्या चित्रातल्या बाई डाव्या हातानं खिचडी वाढत आहेत. कारण उघड आहे. रेखाटन उलटं करून घ्यायचं राहिलं. लाकूड उत्तम, जोड उत्तम. पण या बाईंनी वाढलेलं आपण तर बुवा जेवणार नाही.'

त्या शेवटच्या ओळीवर सभासद फार खूश झाले होते. ग्रुपवर सत्तावीस जणांनी हसरे चेहरे टाकले होते. शेषेरावांनी मोजले होते.

आता त्यांनी पळीवरून नजर काढली आणि खांद्याकडे नेली. पदर डाव्या खांद्यावर होता, जिथे असायला हवा तिथंच. चित्र उलटं झालं असतं तर पदरही उजवीकडे गेला असता. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. त्यांनी हात पाहिला होता, चूक सापडली म्हणून खूश झाले होते आणि पुढं पाहिलंच नव्हतं.

"काय झालं?" बाहेरून मन्मथअप्पांनी विचारलं. "तेवीस राहिलेत अजून."

"तुम्हीच चिकटवा," शेषेराव म्हणाले. "दहापर्यंत मोजून."

रविवारी सकाळच्या गाडीनं ते निघाले. मुखेड गेलं, जळकोट गेलं. कार्डाच्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी पेनानं दिलगिरी लिहायला घेतली. पहिला मसुदा फार लांबला. दुसरा सरकारी झाला. तिसऱ्यात स्वतःवर एक बरा विनोदही जमला, तेव्हा उदगीर आलं होतं. पुढच्या अंकात मुखपृष्ठावर सूर्यवंशींचं तेच चित्र, आत हा मजकूर, हे त्यांनी ठरवून टाकलं. गाडी बदलताना स्टँडवर त्यांनी सिंधुताईंनी दिलेली दशमी खाल्ली. आपण नीट वागतो आहोत, असं त्यांना वाटत होतं. दशमी चवीनं खाल्ली गेली.

देवणीत पोहोचेपर्यंत वंदना आटोपली होती. भंते निघून गेले होते, मांडवात शेवटच्या पंगतीतली माणसं हात धूत होती. शेषेरावांनी कुणाला तरी नमस्कार केला, मग अडखळून "जय भीम" म्हणाले, आणि आपला आवाज जरा मोठा लागला असं त्यांना वाटलं. एक पस्तिशीची मुलगी पुढं आली. पांढरं लुगडं, मनगटावर घड्याळ.

"मी लुंबिनी. लातूरला नर्स आहे. तुम्ही नांदेडचे सर ना? बाबा म्हणाले, येतील म्हणून."

"त्यांना कसं ठाऊक?"

"कार्ड पाठवायला त्यांनीच सांगितलं. चला, आधी जेवून घ्या."

"नको नको. उदगीरला झालं माझं. पोटाला जपावं लागतं हल्ली."

"बरं," लुंबिनी म्हणाली.

ते 'बरं' फार लवकर आलं, पण शेषेरावांचं लक्ष तेव्हा पाकिटाकडे होतं.

आनंदराज सूर्यवंशी आतल्या खोलीत सतरंजीवर बसले होते. शेषेरावांना पाहून ते उठायला लागले. शेषेरावांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि स्वतःही खाली बसले. काय झालं, कसं झालं, हे बोलणं झालं. ताप आला, उदगीरला नेलं, लातूरला हलवलं, सहा दिवस. लुंबिनी नोकरीला होती त्याच दवाखान्यात. आनंदराज हे सगळं ज्या आवाजात सांगत होते त्या आवाजात माणसं खांबांचे नंबर वाचून दाखवतात.

मग शेषेरावांनी वर पाहिलं.

भिंतीवर, फोटोच्या शेजारी, ते चित्र होतं. शिसवी लुगडं, बाभळीच्या गाभ्याचे हात, आंब्याच्या लाकडाची जमीन. समोर पातेलं. पळी उजव्या हातात.

"हे दुसरं केलंत?" शेषेरावांनी विचारलं.

"न्हाई सर. तेच हाय."

"पण यात हात..."

"उचलले की. दोनी हात, कोपरापासून." आनंदराजांनी स्वतःचं कोपर धरून दाखवलं. "मी हाडाचा सरसच वापरतो, तुमचा फेविकॉल न्हाई. ओलं फडकं टाकायचं, वरून गरम इस्त्री, का सुटतंय. डावा हात उचलून पालथा घातला का उजवा हुतो. उजवा पालथा घातला का डावा. जागा बदलल्या. पळी तिकडची हिकडं आली. हात तेच हायेत, फकस्त पालथे घातले."

शेषेराव उठून भिंतीजवळ गेले. चष्मा नाकावर नीट बसवला, आणि न विचारता अंगठा चित्राच्या कोपरावर ठेवला. हळूहळू खाली आणला, परत वर नेला. मग दुसऱ्या कोपरावर. चाळीस वर्षं या अंगठ्याला जोड सापडत आलेला होता. इथं सापडेना.

"जोड लागत नाही," ते म्हणाले.

"लागू न्हाई असाच केला."

"सूर्यवंशी, त्या डावखुऱ्या होत्या."

"हाव."

"मग बदललं कशाला? मी चुकलो होतो. मला एक फोन करायचा."

"नंबर तुमच्याकडं व्हता सर," आनंदराज म्हणाले. "चित्राचा फोटो धाडला, त्याच्या पाठीमागं लिवलेला व्हता."

त्यात राग नव्हता. राग असता तर शेषेरावांना बरं वाटलं असतं, रागाला उत्तर देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते परत येऊन सतरंजीवर बसले.

"मी न्हाईच म्हनलो व्हतो," आनंदराज म्हणाले. "तिचाच हट्ट. अंक आला तवा मी खांद्यावर पिशवी टाकून बाजारात गेल्तो. पोस्टमननं तिच्याच हातात दिला. तिनं वाचला. मी आलो तर म्हनली, बदला. म्हनलं, का बदलू? तू डावरी हायेस, मी तुला डावरी केली. तर म्हनली, चौसष्ट मानसं तुमाला हासून राहिलीत माझ्या हातापायी. माझं काय, मला सवय हाय. शाळेत हात बांधून ठिवायचे माझा." त्यांनी सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळला. "आठ दिवस बोललो न्हाई तिच्यासंग. मंग इस्त्री तापवली."

दारात लुंबिनी उभी होती. कधीपासून, ते शेषेरावांना कळलं नाही.

"सर, एक विचारू? ती शेवटची ओळ कशाबद्दल होती?"

"कुठली?" शेषेरावांनी विचारलं, आणि त्यांना ठाऊक होतं.

"'आपण तर बुवा जेवणार नाही.'"

खोलीत पंखा फिरत होता. मांडवातून पातेली घासल्याचा आवाज येत होता.

"हाताबद्दल," शेषेराव म्हणाले. "डाव्या हाताबद्दल. दुसरं काहीही नाही. माझ्या मनातसुद्धा..."

"आईपण तेच म्हणाली. सर हातालाच बोललेत, दुसरं काई न्हाई. मी लातूरहून आले, अंक वाचला, माझं डोकं फिरलं. तर मलाच समजावत बसली." लुंबिनी हळू बोलत होती, दवाखान्यात नातेवाइकांशी बोलावं तसं. "गावात अंगणवाडी सुरू झाली ना सर, तेव्हा पहिली दोन वर्षं पोरं आईच्या हातचं खात नव्हती. घरून सांगून पाठवायचे. पातेलं भरून खिचडी शिजवायची आणि पातेलं भरून परत आणायची. तिसऱ्या वर्षी एक पोरगं जेवलं, मग हळूहळू सगळी जेवली. तेव्हा हात कुठला, हे कुणी बघत नव्हतं."

तिनं भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

"बाबांनी ते चित्र केलं ते त्याचंच होतं. पोरं जेवली त्याचं."

शेषेरावांच्या खिशातून पाकिटाचं टोक वर आलं होतं. त्यांनी ते बोटानं आत ढकललं. आत काय लिहिलं आहे ते त्यांना पाठ होतं. सगळा मजकूर पदराबद्दल आणि रेखाटनाबद्दल होता, आणि विनोदाची ओळ सगळ्यांत चांगली उतरली होती.

मग ते म्हणाले, "जेवण राहिलंय का काही?"

लुंबिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. "वरण-भात असेल. भाजी संपली."

"चालेल."

तिनं ताट आणलं. शेषेराव मांडी घालून जेवले. भूक नव्हती, दशमी पोटात तशीच होती, तरी भात परत मागून घेतला. ताट स्वच्छ केलं. त्यानं काही फिटलं असं त्यांना वाटलं नाही, आणि लुंबिनीलाही तसं वाटल्याचं दिसलं नाही. तिनं ताट उचललं आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, एवढंच.

"सर," आनंदराज म्हणाले, "आता छापता का चित्र?"

"छापायलाच आलोय."

"ती वाट बघायची. दुरुस्त केलंय की, पाठवा, आता छापतील म्हनायची. दर अंक आला का शेवटचं पान बघायची. मीच पाठवलं न्हाई."

"का?"

"खोटं व्हतं की ते."

शेषेरावांनी परत भिंतीकडे पाहिलं. "पुन्हा उचलता येतील का? पहिल्यासारखे?"

"न्हाई जमत सर. आधी वरून घासला व्हता, मंग पालथा घालून परत घासला. आता लाकूड राहिलंच न्हाई त्यात. उजेडाला धरला तर पल्याडचं बोट दिसंल." आनंदराजांनी दोरा बोटावरून सोडवला. "ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी इस्त्री तापवून बसलो व्हतो. तशीच गार होऊ दिली. उचलला तर हातात येनार न्हाई तो."

"मग मी सगळं लिहितो. काय घडलं ते. त्या डावखुऱ्या होत्या, चूक माझी होती. खुलासा छापतो, ठळक."

"नगं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तिच्या हाताची चर्चा नगं आता. लई झाली. चित्र छापा, खाली माझं नाव टाका. दुसरं एक अक्षर नगं."

चित्र आहे तसं छापलं तर खोटं छापलं जाणार होतं, आणि खरं लिहायला मनाई होती. पंधरा वर्षांत संपादक म्हणून त्यांना न सुचलेलं असं काही नव्हतं. आज सुचत नव्हतं.

"छापताना फोटो उलटा करता येतो ना, सर?" लुंबिनीनं विचारलं.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"कॉम्प्युटरवर. सगळं चित्रच उलटं. मग पळी आपोआप डावीकडं येईल."

आनंदराजांनी डोळे मिटले आणि हवेत बोटानं बाईची आकृती काढली, मग ती उलटी केली. बोट खांद्याशी येऊन थांबलं.

"मंग पदर चुकंल," ते म्हणाले.

"चुकेल," शेषेराव म्हणाले.

"सगळ्यांना दिसंल ते. पदर काय लपतोय. पत्रं पाठवतील."

"पाठवतील."

"तुमाला हासतील सर."

शेषेरावांनी खिशातून मोबाइल काढला आणि ते चित्रासमोर उभे राहिले. तीन फोटो काढले.

पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ संगणकावर लागलं तेव्हा मन्मथअप्पा शेजारी बसले होते. त्यांना चित्रकलेतलं कळत नाही असं ते स्वतःच सांगतात, पण दुकानात उलटा लागलेला सनमायका ते दहा पावलांवरून ओळखतात.

"सर, उलटं लागलंय हे."

"असू द्या."

"पदर बघा की. उजव्या खांद्यावर गेलाय. आपल्या बाया असा घेतेत का?"

"असू द्या म्हणतोय ना."

मन्मथअप्पांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, की सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय आणि ते कबूल करून नाही राहिले.

अंक गेला. मुखपृष्ठावर गयाबाई डाव्या हातानं खिचडी वाढत होत्या. खाली एवढंच होतं: 'आनंदराज सूर्यवंशी, देवणी.'

पहिलं पत्र चौथ्या दिवशी आलं. धर्माबादच्या जनावरांच्या डॉक्टरांचं. त्यानंतर रोज येत राहिली, काही टपालानं, काही मोबाइलवर. जे सभासद दोन वर्षांत वर्गणीच्या आठवणीलाही उत्तर देत नसत त्यांनीही लिहिलं. एवढंच काय, दोन सुतारांनी लिहिलं. पंधरा वर्षं लोक या दिवसाची वाट पाहत होते, हे पत्रांच्या अक्षरावरून कळत होतं. 'साठ जणांना उलटं-सुलटं शिकवणारे आमचे संपादक स्वतःच पालथे पडले' असं एकानं लिहिलं होतं. जळकोटच्या निवृत्त तलाठ्यांनी तर हुबेहूब 'खोट'च्या भाषेत दीड पान लिहिलं होतं, आणि ते चांगलं जमलं होतं. देवणीहून काही आलं नव्हतं.

महिनाअखेर शेषेरावांनी पत्रं एकत्र केली. एकतीस भरली. 'खोट' या वेळी दोन पानांची होणार होती. वर त्यांनी एक ओळ लिहिली: 'चूक संपादकाची आहे.' मग एकेक पत्र घेऊन, लाल पेनानं, छापखान्यासाठी तपासायला बसले.

मन्मथअप्पा तपासलेली पत्रं उचलून वाचत होते. मध्येमध्ये त्यांना हसू येत होतं आणि ते सरांना दिसू नये म्हणून ते खोकत होते. सातव्या-आठव्या पत्राला मात्र ते थांबले. मागची परत काढून पाहिली.

"सर, हे काय केलं तुमी?"

"काय?"

"डॉक्टरांनी लिवलंय, पदरही उलटा आन हातही उलटा. तुमी हाताचं खोडलं, पदराचं ठिवलं. ह्यात बी तसंच. तलाठ्याच्या पत्रातली चांगली चार वाक्यं गेली की ओ, सगळ्यांत मजेशीर."

"गेली."

"मानसं रागावतील. म्हनतील, अर्धी चूक कबूल केली, अर्धी लपवली." मन्मथअप्पांनी बोटं पुढं केली. "पदर एक, हात दोन. दोन चुका झाल्या."

"एकच झाली," शेषेराव म्हणाले, आणि पुढचं पत्र ओढून घेतलं.